दोघांचंही ऐकलं

सकाळचे नऊ वाजले की म्हैसूरला बन्नीमंटप मैदानामागच्या गल्लीतल्या आरोग्य केंद्रात पाय ठेवायला जागा उरत नसे. एका धर्मादाय संस्थेचं ते लहानसं केंद्र. डॉक्टर एकच, डॉ. विश्राम निकम. मूळचे साताऱ्याचे, पण पंधरा वर्षं म्हैसुरात काढलेली. वरुणा गावाकडून पहिल्या बसने आलेले शेतकरी, गल्लीतले म्हातारे, कडेवर तापलेली पोरं घेतलेल्या बाया, सगळ्यांना डॉक्टरच हवे असत. एका माणसाच्या वाट्याला तीन मिनिटं आली तरी पुष्कळ.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलं की रांग औषधांच्या खिडकीशी यायची. खिडकी कसली, भिंतीतलं एक हातभर भोक. त्या भोकातून चिठ्ठी आत जायची आणि गोळ्यांची पाकिटं बाहेर यायची. आत कोण बसलंय हे वाकून पाहायला कुणाला वेळ नसे. "बेगा कोडी, बस जाईल!" एवढंच त्या भोकातून आत ऐकू यायचं. लवकर द्या, लवकर द्या!

आपणही असंच करतो, नाही का? डॉक्टरांसमोर हात जोडतो आणि औषध देणाऱ्याशी बोलायला दोन शब्द आपल्याजवळ नसतात.

आत बसायची ती चैत्रा. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली मुलगी. तिचे पणजोबा लुगडी रंगवायचे, वडिलांचं कापडावर छपाईचं दुकान. घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड. औषधशास्त्राचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम तिने पुरा केला होता. शेवटचं वर्ष तर मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांच्या बरोबरीने खाटेखाटेपाशी फिरून काढलं होतं. कोणतं औषध कोणत्या औषधाशी भांडतं, कोणतं कधी घ्यावं, कसं ठेवावं, हे तिला तोंडपाठ होतं. पण या केंद्रात आल्यापासून, वर्ष झालं, ती गोळ्या मोजत होती.

एका बुधवारी खिडकीत दत्तोजीरावांची चिठ्ठी आली.

दत्तोजीराव म्हणजे गल्लीतले जुने शिंपी. वय अडुसष्ट. दसऱ्याच्या संचलनासाठी बॅंडवाल्यांचे गणवेश गेली कित्येक वर्षं तेच शिवत. मधुमेह जुना, इन्सुलिन चार वर्षांपासून. चैत्राने चिठ्ठी वाचली आणि तिचा हात थबकला. सकाळी चाळीस युनिट. तिने मागचे कागद काढले. उन्हाळ्यात चोवीस, मग तीस, मग छत्तीस, आणि आज चाळीस. एवढं इन्सुलिन घेऊनही साखर उतरायचं नाव नाही!

"मामा, स्वल्प आत या," ती म्हणाली.

"आत कशाला? औषध दे नं. अठ्ठावीस कोट शिवायचे पडलेत."

"दोनच मिनिटं. इन्सुलिन कसं टोचता ते मला दाखवा."

दत्तोजीराव लाजले. "अय्यो, बेड, बेड! नको गं! तू आमच्या गल्लीतली पोर. तुझ्यासमोर सदरा वर करू होय?"

तेवढ्यात परिचारिका अन्नपूर्णाक्का तिथून चालल्या होत्या. सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी करून इथे आलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, "दत्तोजी, लाजायला तुम्ही नवरदेव आहात काय? करा वर."

सदरा वर गेला. बेंबीच्या डाव्या बाजूला कातडीखाली लिंबाएवढी गाठ होती. चैत्राने बोटांनी चाचपली. रबरासारखी घट्ट.

"रोज इथेच टोचता?"

"इथेच. चार वर्षं. बाकी कुठं टोचलं तर दुखतं पोरी, इथं कळतसुद्धा नाही."

कळणार कसं? एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई टोचली की तिथे चरबीची गाठ धरते. तिथलं दुखणं जातं, पण इन्सुलिनही तिथेच अडकून बसतं. अंगात जायला हवं तेवढं जातच नाही. साखर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि तो वाढीव डोसही गाठीतच जाऊन मुरतो. चैत्राला सगळा उलगडा झाला.

"मामा, या गाठीत आता टोचायचं नाही. मांडीवर टोचायचं, नाहीतर पोटाच्या या बाजूला. पण थांबा हं, मी आधी डॉक्टरांशी बोलून येते."

ती आत गेली तेव्हा डॉक्टरांपुढे एक बाई तापलेलं मूल घेऊन बसली होती आणि दारात पाचसहा माणसं दाटीवाटीने उभी होती.

"सर, दत्तोजीमामांचा डोस आज वाढवायला नको."

डॉक्टरांनी मान वर केली. "का?"

"त्यांच्या पोटावर गाठ आहे. चार वर्षं तिथेच टोचतायत. जागा बदलायला पाहिजे, आणि जागा बदलली की चाळीस युनिट फार होतील. साखर एकदम खाली जाईल. डोस उतरवूनच मग..."

"चैत्रा, बाहेर किती माणसं आहेत?"

"पन्नास असतील, सर."

"आणि तू मला डोस शिकवायला आलीस? डोस ठरवायचं काम माझं. चिठ्ठीत लिहिलंय ते द्यायचं, ते तुझं. उद्या स्टेथोस्कोप घालून पेशंट तपासायला बसशील!"

दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. चैत्राचे कान तापले. ती मागे वळली आणि खिडकीशी येऊन बसली.

"काय म्हणाले?" दत्तोजीरावांनी विचारलं.

"चिठ्ठीत लिहिलंय तसंच घ्या, मामा."

एवढंच ती बोलली. आणखी एक वाक्य बोलायचं होतं, 'मग मी सांगेपर्यंत जागा मात्र बदलू नका.' ते वाक्य राहूनच गेलं. डोळे भरून आले होते, आणि त्या भोकातून आठ हात आत आले होते. तिने पुढची चिठ्ठी घेतली.

घरी गेल्यावर तिला ते राहिलेलं वाक्य आठवलं. फोन करावा का? आणि काय सांगावं? डॉक्टर म्हणतील, पुन्हा मधे पडलीस! तिने फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र केंद्रात पाय ठेवताच तिने दत्तोजीरावांचा नंबर शोधायला वही काढली. मन स्वस्थ बसू देईना. पण रांग आधीच लागली होती, आणि पहिली चिठ्ठी भोकातून आत आलेली होती. मग दुसरी, तिसरी. साडेदहाला तिने वही पुन्हा पुढे ओढली, तेवढ्यात केंद्राचाच फोन वाजला.

"मी इरा बोलतेय, दत्तोजीरावांची सून," पलीकडचा आवाज कापत होता. इरा नाशिकची, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, त्या दिवशी घरूनच काम करत होती. "बाबा मशीनवर डोकं टेकून पडलेत. घामाने भिजलेत. हाक मारली तर ओ देत नाहीत. शेजारच्या काकू साखरेचं पाणी घेऊन आल्यात, ते पाजू का?"

"नको! तोंडात काहीही घालू नका!" चैत्रा ओरडलीच. "शुद्ध नसताना पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जाईल. त्यांना खाली उतरवा, कुशीवर वळवा. आम्ही आलोच."

ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली. या वेळी तिने दारातल्या माणसांकडे पाहिलं नाही. "सर, दत्तोजीमामा बेशुद्ध आहेत. साखर उतरलीय. ग्लुकोजचं इंजेक्शन घ्या, चला!"

डॉक्टर खुर्ची मागे सारून उठले. माणूस चांगला होता. असा निरोप आल्यावर बसून राहणाऱ्यांतला नव्हता. अन्नपूर्णाक्कांवर केंद्र सोपवून दोघं डॉक्टरांच्या स्कूटरवरून निघाले. घर चार गल्ल्या पलीकडे होतं.

दत्तोजीराव शिवणयंत्राशेजारी कुशीवर पडले होते. अंगाखाली अर्धा शिवलेला लाल कोट. चैत्राने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला, चौतीस! सत्तरच्या खाली जायला नको, तिथे चौतीस.

डॉक्टरांनी दंडाची शीर शोधली आणि ग्लुकोज हळूहळू सोडायला सुरुवात केली. इरा सासऱ्यांचे तळवे चोळत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. दत्तोजीरावांच्या पापण्या हलल्या. मग त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि पुटपुटले, "अय्यो, एवढी माणसं का जमलीत? कोट चुरगळेल तो."

इराला रडू फुटलं.

डॉक्टर त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले. "दत्तोजीराव, सकाळी काय केलंत? न खाता इंजेक्शन घेतलंत का?"

"छे, छे. इडली खाल्ली, रोजच्यासारखी."

"मग इन्सुलिन जास्त घेतलंत?"

"जास्त कशाला घेऊ? तुम्ही सांगितलं चाळीस, चाळीस घेतलं. ही पोर म्हणाली गाठीत नको, मांडीवर घ्या. मांडीवर घेतलं. मी दोघांचंही ऐकलं, डॉक्टर."

डॉक्टरांनी हात पुढे करून त्यांचा सदरा वर केला. ती गाठ त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. बोटाने दाबली. बराच वेळ त्यांचं बोट तिथेच होतं.

चैत्रा भिंतीला टेकून उभी होती.

सकाळच्या इन्सुलिनचा असर दुपारपर्यंत राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी दत्तोजीरावांना संध्याकाळपर्यंत रुग्णालयात ठेवायची व्यवस्था केली. मग दोघं केंद्रावर परतले. दुपारी दोनला शेवटचा रुग्ण गेला. अन्नपूर्णाक्कांनी खोलीचं दार लोटलं.

"डॉक्टर, चैत्रा, दोघं बसा. आज मी बोलते."

डॉक्टर म्हणाले, "अक्का, मला कळतंय तुम्ही काय म्हणणार ते. पण माझंही ऐका. साताऱ्यात असताना माझी एक दम्याची पेशंट होती. औषधांच्या एका दुकानदाराने तिला आपल्याच मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, सहा महिने. मला पत्ताच नाही. ती बाई गेली. तेव्हापासून औषध देणारा डोसबद्दल बोलायला लागला की माझं डोकं फिरतं."

"तो दुकानदार तुम्हाला विचारून देत होता?"

"नाही ना! तेच तर."

"मग ही तर विचारायला आली होती!" अक्कांचा आवाज चढला. "त्याने तुमच्यापासून लपवून केलं, हिने तुमच्या दारात येऊन सांगितलं. दोघं एकाच मापाने कशी मोजता? हिला काय डॉक्टर व्हायचं होतं? हिला तुमच्या नजरेतून सुटलेलं दाखवायचं होतं. चार वर्षांत तुम्ही दत्तोजीचा सदरा वर केलात का? मी केला? नाही. तुम्हाला तीन मिनिटं, मला दोन. गाठ कुणाला दिसली? गोळ्या मोजायला बसवलेल्या पोरीला."

डॉक्टरांनी दत्तोजीरावांचे मागचे कागद पुढे ओढले.

"आणि मी तुम्हाला दोष देत नाही हं," अक्का जरा मऊ झाल्या. "शंभर माणसं एकट्याने बघणारा कुठंतरी चुकणारच. म्हणून तर आपण इथे तिघं आहोत. पण तिघांनी एकमेकांशी बोलायचंच नाही म्हटलं, तर तीन असून उपयोग काय? डॉक्टरचं एक वाक्य, फार्मासिस्टचं अर्धं वाक्य, आणि ते जोडायचं कुणी? त्या शिंप्याने! जोडलं बिचाऱ्याने."

"अर्धं वाक्य माझंच होतं," चैत्रा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "सर रागावले ते खरं. पण 'मी सांगेपर्यंत जागा बदलू नका' हे सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. माझा अपमान झाला म्हणून मी गप्प बसले. काल संध्याकाळी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. अपमान माझा, आणि जीव मामांचा जात होता. यापुढे मी गप्प बसणार नाही, सर. तुम्ही दहादा हाकललंत तरी अकराव्यांदा येईन."

डॉ. विश्राम निकम यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हाकलणार नाही," ते म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता एक नवल झालं! केंद्र गच्च भरलेलं असताना डॉक्टर खोलीबाहेर आले आणि रांगेसमोर उभे राहिले. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत म्हणाले, "परवा मी या चैत्राबाईंना तुम्हा सगळ्यांसमोर बोललो. त्या बरोबर होत्या, मी चूक होतो. एका माणसाच्या जिवावर बेतलं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागतो."

रांगेत कुणी हसलं नाही.

माफी मागून विषय संपला असता तर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी काम बदललं. साडेआठ ते नऊ तिघांनी एकत्र बसायचं ठरलं. अवघड रुग्णांचे कागद मधे ठेवायचे आणि ज्याला जे दिसलं ते त्याने बोलायचं. खोक्यांनी भरलेली अडगळीची खोली रिकामी करून तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. ती चैत्राची खोली. गोळ्या द्यायला निवृत्त भांडारपाल दामोदरराव हौसेने येऊन बसू लागले. चिठ्ठीच्या तळाशी एक चौकट आखली, फार्मासिस्टने काय पाहिलं ते लिहायला. नियम साधा होता. चैत्रा आपल्या मनाने डोस बदलणार नाही, आणि डॉक्टर चौकट वाचल्याशिवाय सही करणार नाहीत.

पहिल्या महिन्यात तिने इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला जागा दाखवायला लावली. एकोणचाळीस जण होते, त्यातल्या अकरा जणांना गाठी निघाल्या. वरुणाचा नरसिंह दूध घालायला मोटारसायकलवरून फिरायचा आणि त्याला अधूनमधून घेरी यायची. चैत्राने त्याला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. पिशवी टेबलावर उलटी केली तर रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी सापडली. एक इथली, एक टी. नरसीपूरच्या डॉक्टरांनी दिलेली. बिचारा दोन्ही भक्तिभावाने घेत होता! तिने चौकटीत लिहिलं, डॉक्टरांनी एक बंद केली, नरसिंहाची घेरी थांबली.

सगळ्यांना हे लगेच रुचलं असं नाही. हयग्रीव नावाचे एक निवृत्त अधिकारी भर रांगेत तणतणले, "मला डॉक्टरांनी तपासायला हवं. गोळ्या देणाऱ्या मुलीपुढे मी का बसू?"

त्यांच्या मागे दत्तोजीराव उभे होते. ते पुढे सरसावले. "साहेब, तुम्ही कोट शिवायला टाकता, तेव्हा कापड कापणारा एक, शिवणारा दुसरा, काजं करणारा तिसरा. शिवणाऱ्याने सांगितलं की बाही आखूड कापलीय, तर कापणाऱ्याने ऐकायचं की नाही? नाही ऐकलं तर आखूड बाही कुणाच्या अंगावर येणार? तुमच्याच नं! बसा सुम्ने, गुपचूप, तिच्यापुढं. मी बसलो, म्हणून आज इथं उभा आहे."

हयग्रीव पुटपुटत का होईना, आत जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, मोठ्या अक्षरांत लिहिलेली. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि चैत्राच्या दाराकडे वळून मान हलवली.

दत्तोजीरावांचा डोस डॉक्टर आणि चैत्रा यांनी मिळून हळूहळू बसवला. आता ते सकाळी बावीस युनिट घेतात. चाळीसने जे झालं नाही ते बावीसने झालं. साखर ठिकाणावर आहे, आणि यंदाच्या संचलनाचे अठ्ठावीसही कोट त्यांनी वेळेत शिवून दिले.

मित्रहो, आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत अशा कितीतरी चैत्रा बसल्या आहेत. शिकलेल्या, जाणत्या, आणि आपण त्यांना 'लवकर द्या' यापलीकडे काही बोलत नाही. डॉक्टरांनी त्यांना मानाने शेजारी बसवावं. त्यांनीही अपमानाच्या भीतीने आपलं वाक्य अर्धं ठेवू नये. आणि आपण, औषध घेणाऱ्यांनी? पुढच्या वेळी खिडकीशी घाई करू नये. दोन मिनिटं थांबावं, घरातल्या सगळ्या गोळ्या पुढे ठेवाव्यात आणि विचारावं, हे मी बरोबर घेतोय का? हे विचारण्यात कमीपणा नाही. न विचारल्यामुळे मात्र माणसं जातात.